काकासाहेबांचा स्वतंत्र झरा

खाजाभाईंच्या शेळीने रंगाचा डबा विहिरीत पाडला तेव्हा घरातली माणसं डबा सोडून शेळीकडे धावली. शेळी विहिरीच्या कठड्यावर चारी पाय एका जागी गोळा करून उभी होती आणि आपण काय केलं ते वाकून बघत होती. बिस्मिल्लाबींनी तिला कानाला धरून खाली ओढलं. मग खाजाभाईंनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून नुसतं "या अल्ला" निघालं.

विहिरीत पाणी होतं जेमतेम कमरेइतकं. त्या पाण्यात एक गुलाबी ढग हळूहळू हातपाय पसरत होता.

खाजाभाईंचा मिरजगावच्या बाजारात बर्फाच्या गोळ्यांचा गाडा असायचा. डब्यातला रंग खायचाच होता, पण भलता जहाल. चमच्याच्या टोकावर राहील एवढ्या पुडीत बादलीभर सरबत रंगायचं, आणि डबा होता भरलेला, नगरहून कालच आणलेला. हरवू नये म्हणून खाजाभाईंनी गुलाबाच्या अर्काची बाटली त्या डब्यालाच सुतळीने बांधून ठेवली होती. ती हरवली नाही. डब्याबरोबरच गेली.

"डबा कठड्यावर कुनी ठिवला?" खाजाभाईंनी विचारलं.

"तुमीच. वल लागली हुती म्हनून उन्हात वाळाया ठिवला."

"मग झाकन कुनी उघडं ठिवलं?"

"ते बी तुमीच. उघडं असल्याबिगर वाळंल कसं, आसं म्हनलात की."

 खाजाभाई परत आत डोकावून म्हणाले, "बसंल खाली आपसूक. कुनाला बोलू नको. आपली हिर, आपला रंग."

"आन् काकासायबांच्या बोअरात उतरला म्हंजी?"

खाजाभाईंनी बांधापलीकडे पाहिलं. तिथे काकासाहेबांच्या बोअरची मोटार घूं घूं करत पाणी उपसत होती आणि पाइपातून ते वरच्या शेततळ्यात पडत होतं.

"कसा उतरंल?" खाजाभाई म्हणाले. "त्यांचा झरा स्वतंत्र हाय म्हनं."

हे बोलताना त्यांचा आवाज किंचित कडू झाला. त्याला कारण होतं.

काकासाहेब आणि खाजाभाई एका शाळेत शिकले, एकाच दिवशी नापास झाले आणि पुढे एकाच बांधाच्या दोन बाजूंना शेती करत म्हातारे झाले. काक्या आणि खाज्या यापलीकडे त्यांनी एकमेकांना कधी हाक मारली नव्हती. पण गेल्या वर्षी काकासाहेबांनी बांधाला लागून खोल बोअर घेतलं, आणि खाजाभाईंची विहीर गळ्याइतकी होती ती कमरेवर आली. प्रकरण ग्रामसभेत गेलं.

"दगडाला भेगा असत्यात," खाजाभाई तिथे म्हणाले होते. "मुंगळा गूळ हुडकत जातो, तसं पानी भेगा हुडकत जातं. ह्यांच्या मोटारीनं माझी हिर वढून घेतली."

त्यावर काकासाहेबांनी उभं राहून भाषणच ठोकलं. "खाली दगड हाय, दगड! अखंड! भाकरीचा तवा आसतो तसा. तव्यातनं कधी पानी गेल्यालं बघितलंय का कुनी? माझा झरा स्वतंत्र हाय. लई लांबनं येतो. वरच्या हिरीशी त्याचा काडीचा संबंध न्हाई."

तव्याचा दाखला लोकांना पटला. तेव्हापासून दोघे एकमेकांना "तुमी" म्हणू लागले. गावाने ओळखलं की भांडण फार वाढलंय. शिव्या दिल्या असत्या तर मिटलं तरी असतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब लवकर आंघोळीला बसले. आज मोठा दिवस होता. त्यांच्या मुलाला, ज्ञानेश्वरला, बघायला श्रीगोंद्याकडचे पाहुणे येणार होते. ज्ञानेश्वर नगरच्या कारखान्यात नोकरीला होता, मुलगा चांगला होता, पण मुलीचे वडील राधाकृष्ण यांची एक ख्याती होती. ते मुलाचा पगार विचारत नसत, पत्रिका बघत नसत. ते पाणी बघत. 'लेक दिली आन् तिच्या डोक्यावर हंडा आला' असं होऊ द्यायचं नाही, म्हणून आजवर त्यांनी भली भली स्थळं बोअरच्या तोंडाशी उभं राहून नाकारली होती.

काकासाहेबांनी डोळे मिटून तोंडाला साबण लावला. गुलाबाचा घमघमाट सुटला.

"साबन बदलला व्हय गं?" त्यांनी आतून विचारलं.

"न्हाई," छबूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "तोच हाय, कडुलिंबाचा."

काकासाहेब पंचा गुंडाळून बाहेर आले. छबूबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"आवो, तुमी आसं का दिसताय?"

"कसं?"

"आत्ता जल्मल्यावानी."

काकासाहेबांनी आरशात पाहिलं. त्यांचे केस पांढरे होते, मिशा पांढऱ्या होत्या, आणि या दोन्हींचा त्यांना अभिमान होता. आता दोन्ही गुलाबी झाली होती. खालचं कातडं तर बाळंतिणीच्या खोलीतून नुकत्याच बाहेर आणलेल्या पोरासारखं दिसत होतं. तेवढ्यात ज्ञानेश्वर दोरीवरचा शर्ट घेऊन आत आला. तो रात्री धुऊन वाळत घातलेला पांढरा शर्ट होता.

"आई, हा माझाच हाय ना?"

त्याच वेळी गोठ्यातून गड्याने हाक मारली. पाहुण्यांना दाखवण्यासाठी खिलारी जोडी धुवायला त्याने सुरुवात केली होती. एक बैल गुलाबी झाला होता. दुसऱ्याला अजून पाणी लागायचं होतं.

काकासाहेबांनी हवेत नाक उंचावून वास घेतला. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. बाजारच्या दिवशी गाड्यापाशी उभं राहून त्यांनी तो वर्षानुवर्षं चोखला होता. पंचा सावरत ते तरातरा बांधाकडे निघाले.

खाजाभाई बांधापलीकडे उगाच एक दगड इकडून तिकडे ठेवत होते.

"खाजाभाई!" काकासाहेब गरजले. "तुमच्या हिरीतला रंग माझ्या..."

आणि ते थांबले.

पुढचा शब्द 'बोअरात' होता. तो उच्चारला की वर्षभराचा स्वतंत्र झरा गेला, तवा गेला, ग्रामसभेतल्या टाळ्या गेल्या. काकासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं.

"तुमच्या काय?" खाजाभाईंनी सावधपणे विचारलं.

"माझ्या... माझ्या मनात आलं, कसं काय चाललंय बगावं."

"बरं चाललंय. तुमी आज लई तजेलदार दिसताय."

"बीट खाल्लं," काकासाहेब म्हणाले.

"मिशांनी?"

काकासाहेब मागे वळले. खाजाभाईंनी दगड परत पहिल्या जागी नेऊन ठेवला. कुणाचं शुभकार्य आपल्या डब्याने मोडलं, असं झालं तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आणि 'रंग माझा' म्हटलं की पुढचं सगळंच अंगावर येणार. मग बरं एकच होतं. रंग आपल्या विहिरीतून कुठे गेलाच नाही.

*

"टँकर बोलवा," छबूबाईंनी हुकूम सोडला. "सैपाकाला तरी चांगलं पानी पायजे."

ओढ्यापलीकडे गोरक्षचा टँकर होता. तो धरणाचं पाणी आणून देतो असं सांगायचा. गोरक्ष लगेच आला, नळी सोडली आणि हौदात पाणी सोडून दिलं. हौद गुलाबी झाला.

"आरं, हे काय?" काकासाहेब ओरडले. "धरनाचं पानी गुलाबी?"

गोरक्षने टोपी काढून डोकं खाजवलं. "धरन लांब पडतं काकासायेब. माझ्याच बोअरचं हाय. सकाळधरनं आसंच येतंय. मला वाटलं, तुमच्याकडं खपंल. तुमी बी..." त्याने काकासाहेबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी बी तसलंच वापरताय जनू."

आता दुसरीकडून पाणी आणायला वेळ नव्हता, कारण पाहुण्यांची जीप वळणावर दिसत होती.

जीपमधून आधी राधाकृष्ण उतरले, पांढरे शुभ्र, कडक इस्त्रीचे. मागून त्यांची मुलगी संस्कृती उतरली. ती शेतीच्या कॉलेजात शिकलेली होती आणि मुलाचं घर स्वतः बघणार असं सांगून बरोबर आली होती. काकासाहेब हात जोडून पुढे झाले. डोक्याला त्यांनी उपरणं गुंडाळलं होतं, पण मिशांना काही गुंडाळता आलं नव्हतं.

"या, या, पावनं. पाय धुऊन घ्या" असं सवयीने म्हणून गेल्यावर त्यांना आपली चूक कळली. "नगा धुऊ! धुऊ नगा! आमच्यात पाय धुवायची पद्धत न्हाई."

"आसं कसं?" म्हणत राधाकृष्णांनी तांब्या उचलून पायांवर ओतला. मग आपल्या पायांकडे पाहिलं. मग तांब्यात पाहिलं. आणि तांब्या होता तिथे ठेवून दिला. मुरलेला माणूस होता.

चहात रंग लपला. पोह्यांत लपला नाही.

"बीट घातलंय," छबूबाई म्हणाल्या.

भात आला. तोही गुलाबी. "बीट," छबूबाई म्हणाल्या. नंतर दह्याची कोशिंबीर आली. तीत खरंच बीट होतं, पण आता त्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही.

राधाकृष्णांची नजर गोठ्याकडे गेली. "बैलजोडीत एकच गुलाबी हाय."

"पोळ्याचा रंग हाय," काकासाहेब म्हणाले. "निघाला न्हाई आजून."

"पोळ्याला तर किती म्हैने झाले!"

"चांगल्या दुकानचा रंग."

संस्कृतीने पदर नसल्यामुळे ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे हलत होते. ज्ञानेश्वर मान खाली घालून बसला होता. त्याने दोरीवरचा तो गुलाबी शर्टच घातला होता, कारण दुसरा नव्हता.

"काय हो," राधाकृष्णांनी त्यालाच थेट विचारलं. "तुमी सांगा. ह्या बीटाचं काय प्रकरन हाय?"

ज्ञानेश्वरने वडिलांकडे पाहिलं. काकासाहेब भुवयांनी त्याला बीट, बीट असं सांगत होते.

"खरं सांगू का?" ज्ञानेश्वर म्हणाला. "हा शर्ट काल पांढरा हुता. जास्त मला बी ठावं न्हाई. पर बीट न्हाई ते."

संस्कृतीचे खांदे हलायचे थांबले. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"चला," राधाकृष्ण उठले. "बोअर दाखवा."

*

मोटार सुरू झाली. पाइपातून गुलाबी पाण्याची मांडीएवढी धार उसळली. वरच्या शेततळ्यात रात्रभर तेच पाणी पडलं होतं आणि तळं आता सरबताच्या पातेल्यासारखं दिसत होतं.

"गेरू," काकासाहेब घाईने म्हणाले. "खाली गेरूचा थर लागला. लई खोल झरा हाय ना. स्वतंत्र."

राधाकृष्णांनी ओंजळ भरली, वास घेतला, जिभेला लावलं. "गेरूची चव मला म्हाईत हाय. ह्याला बाजारातल्या गोळ्याची चव हाय."

काकासाहेबांना घाम फुटला. उपरण्यातून तो गुलाबीच गळू लागला. आता दोनच वाटा होत्या. पाणीच असलं म्हणावं तर सोयरीक जाणार. रंग शेजाऱ्याचा म्हणावं तर अब्रू जाणार. त्यांनी ज्ञानेश्वरकडे पाहिलं. शर्ट त्याला बरा दिसत होता. त्यांनी एकदा डोळे मिटले आणि बांधाकडे तोंड करून हाक मारली.

"खाजाभाई! जरा इकडं या!"

खाजाभाई आले. दोन्ही हात खिशात कोंबलेले.

"हात खिशात का?" राधाकृष्णांनी विचारलं.

"थंडी."

"मे म्हैन्यात?"

"आमच्या घरान्यात हाय थंडी," खाजाभाई म्हणाले.

"खाजाभाई," काकासाहेब म्हणाले, "पावन्यांना सांगा. तुमच्या हिरीत रंग पडला आन् तो माझ्या बोअरात आला. माझं पानी मुळात चांगलं हाय."

सगळ्यांनी खाजाभाईंकडे पाहिलं. बिस्मिल्लाबीही बांधावर येऊन उभ्या होत्या. खाजाभाई ताठ झाले.

"कसा यील?" ते म्हणाले. "खाली दगड हाय, दगड! अखंड! भाकरीचा तवा आसतो तसा. तव्यातनं कधी पानी गेल्यालं बघितलंय का? तुमचा झरा स्वतंत्र हाय, काकासायेब. लई लांबनं येतो. माझ्या हिरीशी त्याचा काडीचा संबंध न्हाई."

"आवो, दगडाला भेगा असत्यात!" काकासाहेब कळवळून म्हणाले.

"कुठंशी?"

"खाली! सगळीकडं!" काकासाहेब चक्क जमिनीवर बसले आणि बोटाने मातीत रेघा ओढू लागले. "ही तुमची हिर. हे माझं बोअर. मोटार चालू झाली की पानी भेगा हुडकत येतं. मुंगळा गूळ हुडकत येतो, तसं!"

"मला न्हाई पटत," खाजाभाई म्हणाले. "मुंगळा जित्ता आसतो. पान्याला काय पाय हायेत?"

"तुमीच म्हनला हुता की ग्रामसभेत!"

"तुमीच मला खोटं पाडलं हुतं की ग्रामसभेत! सगळ्या गावानं टाळ्या वाजिवल्या. आता मी गावाच्या इरोधात कसा बोलू?"

"हात काड खिशातनं!"

"न्हाई काडत!"

"आरं खाज्या, किती खोटं बोलशील!"

"तुझ्याकडनंच शिकलो की, काक्या!"

  वर्षभरानंतर कुणीतरी कुणाला काक्या म्हटलं होतं. छबूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बिस्मिल्लाबी बांध ओलांडून अलीकडे आल्या आणि त्यांनी नवऱ्याचे हात स्वतःच खिशातून बाहेर काढले. दोन्ही कोपरापर्यंत गुलाबी होते. मघापासून ते विहिरीत उतरून डबा शोधत होते.

"शेळीनं पाडला," खाजाभाई पुटपुटले. "मुद्दाम न्हाई काक्या. कार्य मोडंल म्हनून भ्यालो."

"मी बी भ्यालो," काकासाहेब जमिनीवरूनच म्हणाले. "तुजं पानी वढलं मी. कळत हुतं मला. पर एकदा भाषन करून बसलो हुतो."

राधाकृष्णांना असल्या गोष्टींनी पाझर फुटत नसे. "ते ऱ्हाऊ द्या. मला एवडंच सांगा, मग हे पानी कुनाचं?"

"माजं," दोघे एकदम म्हणाले.

"पान्याचा धनी कोन ते ठरवा. मगच बोलनी."

"विहीर उपसा ना," संस्कृती म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "काकांची मोटार बंद ठेवा आणि विहीर पार रिकामी करा. नवं पाणी कुठल्या अंगाने येतंय ते दिसेलच की."

*

कमरेइतकं पाणी उपसायला कितीसा वेळ लागणार! दुपार कलायच्या आत विहिरीचा तळ उघडा पडला, डबा सापडला, बाटलीही सापडली. मग सगळे कठड्याला ओणवे होऊन बसले. पाणी आपल्या अंगाने येणार अशी दोघांनाही खात्री होती. खाजाभाई डोंगराकडची बाजू बघत होते, काकासाहेब ओढ्याकडची. दोन्हीकडे खडक कोरडा ठक्क.

"त्ये बगा!" बिस्मिल्लाबी म्हणाल्या.

वरच्या बाजूला, जिथे मुरूम संपून काळा दगड सुरू होत होता त्या सांध्यातून, एक बारीक धार पाझरत होती. विहिरीचं पाणी अलीकडे कधी त्या उंचीला चढलंच नव्हतं. तरीही धार गुलाबी होती. आणि येत होती बांधापलीकडून, काकासाहेबांच्या रानातून.

सगळ्यांच्या माना त्या दिशेने वर वळल्या. तिथे बांधाला लागून, विहिरीच्या बरोबर डोक्यावर, शेततळं होतं.

सगळे वर चढून गेले. तळ्याच्या काठावर एक पाटी रोवलेली होती. 'काकासाहेबांचे शेततळे. परवानगीशिवाय आत उतरू नये.' पाटीचा लोखंडी पाय तळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदातून आरपार खाली गेला होता, आणि त्या पायाभोवती गुलाबी पाणी स्वतःशीच गिरक्या घेत आत जिरत होतं.

"तुमीच ठोकली," छबूबाई म्हणाल्या. "नारळ फोडून."

 खाजाभाई बोटाने हवेत काहीतरी फिरवत होते.

"म्हंजी तळ्यातलं पानी मुरून माझ्या हिरीत," ते सावकाश म्हणाले. "हिरीतलं भेगेतनं तुझ्या बोअरात. बोअरातलं मोटारीनं परत तळ्यात."

"आन् नवं पानी?"

"नवं कुठनं आनू? गेल्या पावसाचं हाय, तेच फिरतंय."

काकासाहेब पाटीच्या सावलीत मटकन बसले. "म्हंजी सालभर मी रातध्याड मोटार चालवून..."

"तेच पानी हिंडवत हुतास," खाजाभाई म्हणाले. "बैल घान्याला फिरतो, तसं. थोडं पिकाला गेलं, थोडं उन्हानं गेलं, म्हनून माझी हिर कमरेवर आली."

आणि एकाएकी दोघे म्हातारे हसत सुटले. असे हसले, की गोठ्यातल्या दोन रंगांच्या बैलांनी माना वर केल्या. पूर्वी एकाच दिवशी नापास झाले होते तेव्हाही ते असेच हसले होते, आणि दोघांनाही घरी मार बसला होता.

ज्ञानेश्वर मात्र उठला. कारखान्यात काम करणारा मुलगा, कुठे गळती दिसली की त्याला राहवत नसे. "थांबा, ती पाटी उपटतो आन् भोक बुजवून टाकतो."

"हात लावू नगंस!" काकासाहेब आणि खाजाभाई एकाच आवाजात ओरडले.

"आरं, भोक बुजलं तर ह्याची हिर आटंल," काकासाहेब म्हणाले.

"आन् माझी हिर आटली तर ह्याचं बोअर आटंल," खाजाभाई म्हणाले.

"मग तळं कशानं भरायचं?" दोघे मिळून म्हणाले, आणि पाटीच्या दोन बाजूंना पहारेकऱ्यांसारखे उभे राहिले.

राधाकृष्ण हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होते. त्यांनी लेकीला बाजूला घेतलं. "चल पोरी. एकाच पान्यावर दोन शेती दाखवत्यात ही मानसं."

"बाबा, मला पसंत आहे."

"पानी?"

"पाणी नाही. मुलगा. सबंध घरात त्याला एकट्यालाच बीट म्हणता आलं नाही."

ज्ञानेश्वर शर्टाच्या रंगाचा झाला. राधाकृष्णांनी आभाळाकडे पाहिलं, विहिरीत पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग छबूबाईंनी पुढे केलेली साखर तोंडात टाकली. ती पांढरी आहे हे आधी बघून घेतलं.

निघताना मात्र त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. सगळे जीपपाशी जमले असताना ते सहज चालत खाजाभाईंकडे गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या बी रानात शेततळं हाय. शेजाऱ्याची हिर लागूनच. तो म्हनतो, माझा झरा स्वतंत्र हाय."

"आसं व्हय?"

"तो रंग... दुसऱ्या कलरमदी मिळतो का?"

खाजाभाईंनी हिरव्याचा डबा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. राधाकृष्णांनी तो उपरण्याखाली धरला आणि लोणच्याची बरणी असावी अशा थाटात जीपमध्ये बसले.

साखरपुड्याची तारीख ठरवायला म्हणून पुढच्या बाजारी त्यांचा फोन आला तो खाजाभाईंच्या फोनवर, पण तारखेचं काही बोलणं होईना. खाजाभाई गाड्यावर बर्फ किसत होते. काकासाहेब शेजारी स्टुलावर बसून गोळा चोखत होते. मिशांचा गुलाबी रंग अजून पुरता उतरला नव्हता.

"खाजाभाई," पलीकडून राधाकृष्ण कुजबुजले, "मी माझ्या तळ्यात हिरवा टाकला."

"बरं मग? शेजाऱ्याच्या हिरीत उतरला का?"

"ते बगाया गेलोच न्हाई. माझ्याच बोअरला आज सकाळधरनं निळं पानी येतंय!"

खाजाभाईंनी किसणी खाली ठेवली आणि फोनवर हात धरून गाड्यामागे बसलेल्या बिस्मिल्लाबींना विचारलं, "आगं, निळा डबा कुनी नेला?"

"परवा एक पावना आलता की," त्या म्हणाल्या. "श्रीगोंद्याकडचाच. म्हनला, शेजाऱ्याला बोलू नगा."